मानकरी, एका वर्षापुरता

मासिकाला 'गलबत' असं नाव ठेवणाऱ्या माणसाने ते वेळेवर येईल अशी आशा कोणाला लावू नये, हे गुरुदास मास्तरांना नाव ठेवून झाल्यावर कळलं. आमच्या वायंगणखोलपासून आचऱ्यापर्यंत जो भेटेल तो विचारायचा, "मास्तरानू, तुमचां गलबत खंय अडाकलां?" मास्तर म्हणायचे, छापखान्यात. त्यावर विचारणारा मान हलवून म्हणायचा, "भरतीची वाट बघता आसतलां." हा विनोद प्रत्येकाला त्याच क्षणी सुचलेला असे आणि मास्तरांना प्रत्येक वेळी नव्याने हसावं लागे. वर्गणीदारांची नाराजी संपादकाला परवडत नाही.

वर्गणीदार तसे थोडे होते. वाचणारे पुष्कळ. जी वस्तू शेजाऱ्याकडून मागून आणता येते ती विकत घेणं आमच्या भागात उधळपट्टीत मोडतं.

तर अठ्ठावन्न सालच्या पावसाळ्यात मास्तरांची दाढ दुखू लागली, आणि मालवणात डॉक्टरांच्या ओसरीवर बसलेले असताना त्यांच्या हाती एक अमेरिकन साप्ताहिक लागलं. डॉक्टरांचा मेहुणा जहाजावर होता. तो येताना असली साप्ताहिकं आणि साबण आणत असे. त्यात लिहिलं होतं की, दर वर्षाच्या शेवटी हे साप्ताहिक, सरलेल्या वर्षावर जिचा सर्वांत जास्त प्रभाव पडला अशा एका व्यक्तीची निवड करतं, तिचं चित्र मुखपृष्ठावर छापतं, आणि मग सगळं जग त्यावर भांडतं. मास्तरांनी हे दोनदा वाचलं. दाढ उपटली गेली तेव्हा त्यांचं लक्ष नव्हतं. सगळं जग भांडतं, म्हणजे सगळं जग अंक विकत घेतं, एवढीच एक गोष्ट त्यांच्या मनात घुमत होती.

घरी येताच त्यांनी कापसाचा बोळा तोंडात धरून नावाचा विचार सुरू केला. 'वर्षपुरुष' त्यांना स्वतःलाच घाबरवून गेलं. तिन्हीसांजेला पिंपळाखालून हाक मारणारं काहीतरी डोळ्यांपुढे आलं. 'थोर पुरुष' म्हटलं की माणूस वारलेला असावा लागतो. शेवटी सावित्रीबाई चुलीपुढून म्हणाल्या, "ओ, मान देतलात ना? मगे मानकरी म्हणा आणि जेवूक उठा."

वर्षाचा मानकरी. मास्तरांना शब्द एकदम आवडला. सुटसुटीत, मराठमोळा, सगळ्यांच्या ओळखीचा. सगळ्यांच्या जरा जास्तच ओळखीचा होता, हे नंतर समजलं.

छापण्यापूर्वी लोकमत अजमावावं म्हणून ते वाडीत फिरले. प्रश्न अगदी सरळ होता: गेल्या वर्षभरात तुमच्यावर सर्वांत जास्त प्रभाव कोणाचा पडला?

"प्रभाव पडलो?" मथुराकाकीने झाडू खाली ठेवला. "खंय पडलो? व्हाळाकडे काय? मगे नारळ उतरून टाकूक व्हयो."

मास्तरांनी समजावलं की हा भुताखेताचा प्रभाव नव्हे. म्हणजे कोणाचं ऐकून तुम्ही वागलात, असं.

"माझ्या सासूचां मी आयकलंय नाय," काकी म्हणाली, "आणि ती बारा वर्सां बोलत होती."

हेच उत्तर, सासू बदलून, त्यांना घरोघरी मिळालं. दुसऱ्याचं ऐकून वागलो हे मालवणी माणूस कोर्टातसुद्धा कबूल करत नाही. मास्तरांनी शेवटी शेजारच्या भिकाजींना विचारलं. भिकाजी मुंबईच्या गोदीतली नोकरी पुरी करून गावी आलेले, मास्तरांहून वयाने मोठे, आणि दोन घरांमधल्या दगडी गडग्यावर कोपर टेकून सगळ्या विषयांवर सल्ला देण्यासाठी सदैव हजर. मास्तरांची विहीर त्यांच्या सल्ल्याने खणली होती. तिला पाणी लागलं ते भिकाजींनी नको म्हटलेल्या जागी, पण सल्ला त्यांचाच होता.

"प्रभाव पडाक माणूस आधी वायच ढिलो व्हयो, गुरुदास," भिकाजी म्हणाले. "ह्या गावात ढिलो कोण आसा? तुका सोडून."

पण कल्पना भिकाजींना वाईट वाटली नसावी. कारण त्यांनी लगेच विचारलं, मुखपृष्ठाचा ठसा कोल्हापुरात करणार की बेळगावात, आणि दोन्हीकडचे कारागीर कसे चोर आहेत ते सांगितलं. मग त्यांनी नाव विचारलं. मास्तर म्हणाले, "वर्षाचा मानकरी."

भिकाजींनी कोपर गडग्यावरून काढून घेतलं. "बरां आसा," ते म्हणाले आणि घरात गेले. भिकाजी एवढं थोडं बोलून घरात गेल्याचं मास्तरांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

दिवाळी अंक त्या वर्षी दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत निघाला, आणि पहिल्याच पानावर चौकटीत जाहीर झालं: 'गलबत'तर्फे वर्षाचा मानकरी निवडण्यात येईल. वाचकांनी आपला कौल कळवावा. नाव मार्गशीर्षात, जत्रेच्या सुमारास घोषित होईल.

आता, ज्याला हा मुलूख ठाऊक नाही त्याला या तीन वाक्यांत काय बिघडलं ते कळायचं नाही. मानकरी म्हणजे देवळातला मानकरी. पालखीपुढे कोणी चालायचं, दिवटी कोणी धरायची, नारळाचा तुकडा कोणाच्या हातात आधी पडायचा, हे ज्या घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे ती माणसं. आणि कौल देते ती देवी. मास्तर कोल्हापुराहून बी.ए. झालेले. मराठीतले दोन चांगले शब्द वापरले, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वायंगणखोलचे सगळे मानकरी त्यांच्या ओसरीवर येऊन बसले. बसतानाही मानाच्या क्रमाने बसले, त्यामुळे शेवटचे दोघे तुळशीपाशी उन्हात आले. सर्वांत पुढे बाबू गावकर, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणतो. तात्या फार मोठ्याने बोलत नसत. गरज पडली नव्हती.

"मास्तरानू," तात्या म्हणाले, "ह्यो नवो मानकरी खंय उभो रवतलो?"

"उभो?" मास्तर म्हणाले. "तो कागदावर असेल, तात्या."

"कागदार कोण उभो रवता काय? माझ्या फुडे की मागे?"

"तुमच्या मागेच," मास्तर घाईने म्हणाले.

यावर तात्यांच्या मागे बसणारे शंकर परब ताठ झाले. "म्हणजे माझ्या फुडे?"

मास्तरांनी नव्या मानकऱ्याला एकेक पायरी मागे सरकवत तुळशीपर्यंत नेलं, पण कोणाच्याही पुढे त्याला जागा मिळेना, आणि शेवटच्याच्या मागे उभा राहील तो मानकरी कसला, असा मुद्दा उन्हातल्या दोघांनी काढला. मास्तर म्हणाले की हा मान फक्त एका वर्षाचा आहे. त्याने परिस्थिती आणखी बिघडली. मान वर्षाने परत घेता येतो, ही कल्पना ओसरीवर कोणालाच बरी वाटली नाही.

"तां ऱ्हवांदे," तात्या म्हणाले. "मानकरी तुमी करतलात, कौल वाचक देतले. मगे देवी काय करतली? तुमची वर्गणी भरतली?"

मास्तरांना त्या क्षणी असंही वाटून गेलं की देवीने वर्गणी भरली असती तर बरंच झालं असतं. सावित्रीबाईंनी चहा आणला. कप क्रमाने फिरले. जाताना तात्या एवढंच म्हणाले, "जत्रेच्या आधी शब्द परत घेवा. नायतर तुमच्या घराकडे पालखी थांबाची नाय."

पालखी दारात थांबली नाही तर काय होतं, हे बी.ए.च्या अभ्यासक्रमात नव्हतं. पण सावित्रीबाईंचा चेहरा बघून मास्तरांना अंदाज आला.

मानकऱ्यांनी एवढ्यावर न थांबता तालुक्याच्या कचेरीतही अर्ज टाकून ठेवला होता. मास्तरांना बोलावणं आलं. अव्वल कारकून घाटावरचे होते, शुद्ध बोलत, आणि देवस्थानच्या कागदांवर त्यांचं प्रेम होतं.

"आपण नवीन मानकरी नेमलात?"

"नेमणार होतो. म्हणजे मासिकात."

"मान वंशपरंपरागत की तहहयात?"

"एका वर्षाचा."

"म्हणजे खंडाने," कारकून म्हणाले आणि लिहू लागले. "मूळ मालक कोण?"

मास्तरांनी अमेरिकेपासून सगळं सांगितलं. कारकुनांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की परदेशी देवस्थानं या कचेरीच्या अखत्यारीत येत नाहीत. तूर्त खुलासा लिहून द्यावा, मात्र त्यात मानकऱ्याचं नाव हवं. मास्तर म्हणाले, नाव अजून ठरलेलंच नाही. कारकून म्हणाले, नावाशिवाय कागद पुढे जात नाही आणि मागेही येत नाही. काहीतरी द्या.

गोंधळलेल्या माणसाला शेजारी आठवतो. मास्तर म्हणाले, "समजा, उदाहरणार्थ, भिकाजी नार्वेकर."

कारकुनांनी सुबक अक्षरात 'भिकाजी नार्वेकर' लिहिलं. 'समजा' आणि 'उदाहरणार्थ' हे शब्द सरकारी कागदात बसत नाहीत म्हणून वगळले. कचेरीतला शिपाई आचऱ्याचा होता. मास्तर एस.टी.ने घरी पोचले त्याच्या आधी ती बातमी चालत येऊन पोचली होती.

संध्याकाळी मास्तर गडग्यापाशी गेले. भिकाजींना सगळा घोळ सांगून दोघांनी मिळून हसावं असा बेत होता. भिकाजी नव्हते. अंगणात दोरीवर त्यांचा काळा कोट वाळत होता. पेटीतून बरेच दिवसांनी निघालेला असावा, कारण डांबरगोळ्यांचा वास इकडे येत होता. शेजारी स्टुलावर फेटा. भिकाजींची बायको काशीबाई कोटाच्या बाह्या उलट्या करून ऊन दाखवत होती. मास्तरांना बघून ती हसली. एवढ्या वर्षांच्या शेजारात ती त्यांच्याकडे बघून अशी हसली नव्हती.

मास्तर हळूच घरी आले.

"सावित्री, भिकादादान कोट कित्या काढलो?"

सावित्रीबाईंनी तांदळातला खडा बाजूला टाकला. "तुमका खरांच म्हायत नाय?"

"काय?"

"जत्रेदिवशी तेंका दरवर्सा ताप येता, तो."

तो मास्तरांना ठाऊक होता. हिवताप असावा असं त्यांचं मत होतं आणि एकदा त्यांनी कोयनेलही नेऊन दिलं होतं. मग सावित्रीबाईंनी सांगितलं, आणि गडग्यापलीकडे राहून आपल्याला हे कळलं नाही याची मास्तरांना लाज वाटली. पालखीपुढची दिवटी धरण्याचा मान नार्वेकरांचा. भिकाजींचे आजोबा एका जत्रेला शिडाचं तारू घेऊन वेंगुर्ल्याच्या बंदरात अडकले; वारा उलटा पडला. पालखी थांबून राहिली, दिवटीला हात कोण लावणार. शेवटी गावकरांच्या घरातल्या कोणीतरी ती उचलली. एका रात्रीपुरती. पुढल्या वर्षी आजोबा आले तेव्हा गुरवाने नावं पुकारली त्यांत नार्वेकर नव्हते. मान खंडला, दिवटी गावकरांकडेच राहिली. आजोबा घरी परतले ते तापानेच, आणि मग तो ताप मुलाला, नातवाला, वंशपरंपरागत चालत आला.

"मगे कोणी इचारल्यान नाय? मान परत देऊया म्हणान?"

"कोण इचारतलो? आणि कोण कोणाचां आयकतलो?" सावित्रीबाई म्हणाल्या. "तुमीच नाय फिरलात घरोघर?"

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत असं लिहायला आवडलं असतं. ते जेवले, पण कढी दुसऱ्यांदा घेतली नाही. प्रश्न आता 'गलबत'चा राहिला नव्हता. शब्द परत घेतला तर दोरीवरचा तो कोट पुन्हा पेटीत जाणार. नाही घेतला, तर पालखी दारात थांबणार नाही, आणि भिकाजींना कागदावर मान मिळेल तोही भांडणातला. ज्या देवळात नाव पुकारायला हवं तिथे पुकारलं जाणार नाहीच.

ते तात्यांकडे गेले. तात्या खळ्यात बसून उजव्या खांद्याला तेल चोळून घेत होते. दिवटी जड असते, आणि तात्यांची सत्तरी उलटलेली.

"तात्यानू, मी शब्द परत घेतंय," मास्तर म्हणाले. "पण भिकादादाचा—"

"माका सांगा नुको," तात्या म्हणाले.

"मी फक्त म्हणत होतंय की—"

"मास्तरानू, मी आजपर्यंत कोणाचां आयकलेलंय नाय. माझ्या बापाशीन आयकल्यान नाय. आता ह्या वयात तुमचां आयकान माका गावात तोंड दाखवूचां नाय?" तात्यांनी तेलाची वाटी सरकवली. खांदा वर करून बघितला. तो अर्ध्यातच थांबला. "कौल घेऊया. तुमचो मानकरी देवीक व्हयो की नुको, ती सांगात. फुडल्या सोमवारी इया."

बी.ए. झालेला माणूस देवीपुढे कौलाला बसतो तेव्हा तो मनातल्या मनात बऱ्याच गोष्टी स्वतःला समजावतो. हे लोकमत आहे. ही जुनी लोकशाही आहे. मास्तर हे सगळं समजावून मांडी घालून बसले. महादू गुरवाने ग्रामदेवी सातेरीच्या पाषाणाला ओल्या फुलांच्या कळ्या लावल्या, उजवीकडे आणि डावीकडे. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सगळे मानकरी क्रमाने उभे. भिकाजी आलेले नव्हते.

महादूने गाऱ्हाणं सुरू केलं. "गे आई सातेरी, ह्या तुझ्या लेकरान, गुरुदास मास्तरान, कागदार एक मानकरी केल्यान—"

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"तो बरो केल्यान आसात तर उजवो दी, वायट केल्यान आसात तर डावो दी—"

"व्हय म्हाराजा."

काहीच पडलं नाही. ना उजवी, ना डावी. मंडळी उभी राहिली, मग बसली. शंकर परब म्हणाले प्रश्न चुकला. कागदाचा प्रश्न देवीला विचारू नये, तिला वाचता येत नाही. दुसरे म्हणाले, तिला सगळं येतं, महादूने कळ्या घट्ट लावल्या. महादू दुखावला. त्याने प्रश्न फिरवून विचारला. मग मानकऱ्यांनी एकेक करून आपापल्या शब्दांत विचारून पाहिलं, आणि प्रत्येक जण आपलाच प्रश्न बरोबर होता असं म्हणत मागे आला. ऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावरून सरकून गेलं. घरोघरी भात निवले असणार. मास्तरांना वाटू लागलं की देवीवरही कोणाचा प्रभाव पडत नाही. ती या गावचीच.

तेव्हा तात्या उठले. पुढे गेले. हात जोडायला उजवा हात वर गेला नाही म्हणून डाव्याने त्याला आधार दिला.

"आई," ते म्हणाले, आणि नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "नवो मानकरी आमका नुको. तुकाय नुको. पण जुनो कोणाचो मान आमच्याकडे रवलेलो आसा काय? आसात, तर सांग. आमी कोणाच्या सांगण्यान देवचे नाय. तुझ्या सांगण्यान देतलंव."

कोणी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही. म्हणायचं सुचलं नाही.

उजवी कळी पडली.

ती पाणी सुकल्यामुळे पडली, हे मास्तरांना शास्त्रीयदृष्ट्या ठाऊक होतं. सकाळपासूनच्या उन्हात ती केव्हाही पडणार होती. पण ती पडल्यावर तात्यांनी जो श्वास सोडला त्याचं शास्त्र मास्तरांच्या अभ्यासात नव्हतं. कोणाचा मान ते महादूनेही विचारलं नाही. सगळे बाहेर येऊन चपला शोधू लागले.

'गलबत'च्या पुढल्या अंकात, जिथे मानकऱ्याचं चित्र यायचं होतं तिथे सावित्रीबाईंची सोलकढीची कृती आली, आणि तिच्याखाली एक ओळ: संपादकांनी उसना घेतलेला एक शब्द मूळ मालकांस परत केला आहे. अंक जत्रेनंतर निघाला. या वेळी कोणी भरतीचा विनोद केला नाही, कारण जत्रेत काय झालं याच्यापुढे गावाला दुसरा विषयच नव्हता.

झालं ते असं. त्या वर्षी भिकाजींना खरोखर ताप आला. काशीबाईने कपाळाला हात लावून पाहिला आणि कोट त्यांच्या खांद्यावर घातला. देवळात ते खांबाला टेकून उभे राहिले. महादू नावं पुकारू लागला. गावकर, परब, एकेक. मग तो थांबला, कागद नव्हताच पण कागदात बघितल्यासारखं केलं, आणि म्हणाला, "नार्वेकर."

खांब सोडून भिकाजी पुढे आले. तात्यांनी दिवटी त्यांच्या हातात दिली. देताना दोघे एकमेकांकडे बघत नव्हते, दोघेही दिवटीकडे बघत होते, जणू तिच्यात तेल पुरेसं आहे की नाही एवढीच चिंता होती. पालखी देवळाभोवती फिरली, मग वाडीत उतरली. मास्तरांच्या दारात थांबली, इतरांच्या दारात थांबते त्याहून थोडी जास्तच, कारण पुढे चालणारी दिवटी शेजारच्या दारात पोचली होती आणि काशीबाईचं ओवाळणं संपत नव्हतं.

मग देवळात परत आल्यावर नारळाचे तुकडे वाटले. मास्तरांना मान नसल्यामुळे ते मागे बसले होते. भिकाजींच्या हातात तुकडा पडला. त्यांनी तो तळहातावर ठेवला. बराच वेळ पाहिलं. आता त्यांच्या डोळ्यांना पाणी येईल असं वाटून मास्तरांनी आधीच आपले पुसून घेतले. दिवटीचा धूर होता.

"तात्यानू," भिकाजी म्हणाले, "ह्यो तुकडो बारको आसा."

तात्यांनी वाकून तुकड्याकडे पाहिलं.

"तुझ्या आज्याक ह्योच गावायचो," तात्या म्हणाले.

"माझ्या आज्याक नारळाची अर्धी कवड गावायची."

"कोणी सांगल्यान?"

"माझ्या आज्यान."

"तुझो आजो खोटां बोलायचो," तात्या म्हणाले. शंकर परब म्हणाले, अर्धी नाही पण पाव नक्की असावी. त्यावर त्यांना गप्प बसवण्यात आलं, मग बाजू पडल्या, आणि ज्या नार्वेकर आजोबांचं नाव या देवळात कोणी घेतलं नव्हतं त्यांच्याबद्दल एकदम सगळ्यांना काही ना काही आठवू लागलं. ते कसे उभे राहत. आवाज कसा होता. वेंगुर्ल्याहून परत येताना कोणासाठी काय आणीत. भिकाजी मध्ये उभे राहून प्रत्येकाला दुरुस्त करत होते, दिवटी डाव्या हातात, तुकडा उजव्या हातात, आणि कपाळावर घाम फुटून त्यांचा ताप उतरत होता.

शेवटी तात्या थकले. खांबापाशी बसून ते म्हणाले, "बरां, आता फुडल्या वर्सा बघूया."

"बघूया कित्या?" भिकाजी म्हणाले. "फुडल्या वर्सा मी हंयच आसतलंय."

तात्या आपला खांदा चोळत होते. "मगे," ते म्हणाले, "खंय जातलंस?"